दोन केसांची फट

एंगेलबर्ट : शिक्का बसला की नाही ते आधी सांग. कोट मग काढ.

रोसी : बाबा, दार तरी लावू द्या. बर्फ आत येतंय.

एंगेलबर्ट : दाराचं मरू दे! चाचणीघरात काय म्हणाले?

रोसी : बसला! दोन्ही जादा दाबाचे बार सोसले. बंदुकीच्या नळीला काही नाही, बोल्टाला काही नाही, बोल्टाच्या घराला काही नाही. हा बघा शिक्का, अजून ताजा आहे. त्या चष्मेवाल्याने दोनदा विचारलं, हा तुम्ही इथे फेरलाख गावातच केलात? म्हटलं, नाही, चंद्रावर.

एंगेलबर्ट : आण इकडे! पन्नास वर्षांत डावखुरा, डाव्या हाताने मागेपुढे ओढायचा बोल्ट या कारखान्यातून बाहेर पडला नव्हता.

रोसी : कारण तुम्ही पडू दिला नव्हतात. आराखडा मी काढला, लेथवर मी चढवला...

एंगेलबर्ट : आणि बसवला कुणी? अकरा दिवस? काजळी फासा, आत सरकवा, बाहेर काढा, जिथे टेकल्याचा डाग दिसेल तिथे घासा. शेवटी डाग बघ कसा उमटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. आता ओढतो, ऐक.

रोसी : ऐकतेय.

एंगेलबर्ट : काय ऐकलंस?

रोसी : काहीच नाही.

एंगेलबर्ट : तेच तर! पोरी, याच्यात सिगारेटचा कागद जायचा नाही.

फ्लोरियान : दार सताड उघडं टाकून कागदाच्या गोष्टी चालल्यात? आमच्या बायकोने रीन्डलिंग पाठवलाय. दालचिनी सढळ पडलीये, आधीच सांगतो.

रोसी : ये, फ्लोरियान, ये! केक ठेव आणि हात पूस. दोन्ही.

फ्लोरियान : उजव्याला पुसायला उरलंय काय? तीन बोटं लाकूड फोडायच्या यंत्राने खाल्ली, दोन मी देवासाठी ठेवलीत. तो... तो माझा आहे?

एंगेलबर्ट : तुझाच. नळी तुझी जुनीच आहे, दस्ताही. बोल्ट आणि त्याचं घर तेवढं नवं. मूठ डावीकडे. घे, रिकामी आहे. खात्री करून घे आणि उघड.

फ्लोरियान : अरे... अरे देवा. उस्ताद, सहा महिने डाव्या हाताने सूप पितोय, अर्धं मिशीच पिते. आणि हा बघा कसा चालतोय! जन्मापासून डावखुरा असल्यासारखा!

रोसी : मूठ जाड केलीये. हातमोज्यातून सापडेल.

फ्लोरियान : सापडली! पुन्हा सापडली! आता येऊ देत डोंगराच्या मालकीणबाई. उद्या सकाळी वरच्या चांदमारीत स्वतः उभ्या राहणार आहेत, हातात घड्याळ घेऊन. एका मिनिटात पाच गोळ्या, पाचही ताटलीएवढ्या गोलात. नाहीतर माझा डोंगर, म्हणजे तिथल्या शिकारीची राखण, त्यांच्या ग्राझच्या भाच्याला.

एंगेलबर्ट : त्या भाच्याला हरीण आणि शेळी वेगळी ओळखता येते का?

फ्लोरियान : शेळी दूध देते एवढं ठाऊक असावं. एकतीस वर्षं झाली, उस्ताद. कुठली मादी कुठल्या कपारीत विते ते मला पाठ आहे. डोंगर गेला तर मी घरी बसून करू काय? बायकोच्या दालचिनीवर लक्ष ठेवू?

एंगेलबर्ट : जात नाही तुझा डोंगर. आज संध्याकाळी नाव कोरतो आणि घेऊन जा.

फ्लोरियान : ही मुठीखालची मोकळी जागा नावासाठी होय?

एंगेलबर्ट : आमच्या घरची रीत आहे. बोल्ट निर्दोष बसला, तरच तिथे नाव.

रोसी : तुमचं नाव.

एंगेलबर्ट : मग काय पोस्टमनचं कोरू?

रोसी : फ्लोरियान, वर थंडी किती आहे?

फ्लोरियान : आज पहाटे उणे चौदा. धुकं गोठून झाडांना पांढऱ्या दाढ्या आल्यात. का गं?

रोसी : आण तो इकडे.

एंगेलबर्ट : कुठे निघालीस? रोसी! तो मांस ठेवायचा फ्रीजर आहे!

रोसी : माहीत आहे. सरका, हरणाची तंगडी बाजूला करते.

एंगेलबर्ट : अकरा दिवसांची माझी मेहनत तंगडीशेजारी?

रोसी : तासाभराने काढू. काही झालं नाही तर मी तुमची माफी मागेन. मोठ्याने, चर्चसमोर, रविवारी.

फ्लोरियान : मी केक कापतो. तास कसाही काढावाच लागणार.

(तासाभराने, तीन रिकाम्या कपांपलीकडे. रोसीच्या हातात बंदूक; आपण बरोबर होतो हे कळून तिचं तोंड कडू झालेलं.)

फ्लोरियान : ओढ ना.

रोसी : ओढतेय.

फ्लोरियान : थट्टा करतेस.

रोसी : तू ओढून बघ. दंव धरलंय आत, तेल गोठलंय. त्याला जायला जागाच नाही, बाबांनी ठेवलीच नाही.

एंगेलबर्ट : फ्रीजरमध्ये बसून शिकार कोण करतं?

फ्लोरियान : मी, उस्ताद. ऑक्टोबर ते जानेवारी.

एंगेलबर्ट : माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम आहे ते!

रोसी : हो, सुबक आहे. म्हणूनच अडकलं. टेबलावर ठेवून बघायचं असेल तर याच्यासारखा दुसरा नाही.

फ्लोरियान : उद्या सकाळी नऊला, उस्ताद. मी घरातली दुसरीच घेऊन जाऊ का? उजव्या हाताने? काहीतरी करीन.

एंगेलबर्ट : दोन बोटांनी? गप्प बस. रोसी, ज्यावर दाब येतो त्या कडांना हात लावायचा नाही. लावला तर शिक्का गेला, सोमवारपर्यंत चाचणीघर बंद.

रोसी : कडा सोडून. नुसतं बोल्टाचं अंग घासायचं.

एंगेलबर्ट : किती?

रोसी : दोन केसांएवढं.

एंगेलबर्ट : दोन! खुळखुळेल गं तो.

रोसी : खुळखुळू दे.

एंगेलबर्ट : लोक म्हणतील म्हाताऱ्याचे डोळे गेले.

रोसी : मी करू का? तुम्ही तिकडे तोंड करून बसा.

एंगेलबर्ट : नको. मी बसवला, मीच सैल करतो. ती बारीक कानशी दे. आणि फ्लोरी, उभा राहून बघू नकोस. माणूस दाढी करत असताना बघतात का?

— चांदमारी, सकाळ —

रोसी : बाबा, इकडे वळा. मालकीणबाईंनी घड्याळ काढलं!

एंगेलबर्ट : मी वळणार नाही. मी ऐकतोय.

रोसी : एक! बसली! बोल्ट ओढला... आला! बाबा, आला!

एंगेलबर्ट : ऐकू आलं. खुळखुळतोय.

रोसी : दोन! तीन! काय सुटलाय हा माणूस, हात दिसत नाहीये!

एंगेलबर्ट : थांबला का? रोसी, तो थांबला का?

रोसी : डोळ्यातलं पाणी पुसतोय. थंडीचं. चार! ओढ, फ्लोरियान, ओढ की! पाच! किती झाले? त्रेपन्न सेकंद!

एंगेलबर्ट : ताटली?

रोसी : बाई स्वतः निघाल्यात बघायला. बूट रुततायत बर्फात. वाकल्या... मोजतायत... बाबा, हात वर केलाय! पाच बोटं!

फ्लोरियान : उस्ताद! उस्ताद, एक रेघेवर होती, बाई म्हणाल्या रेघ आतलीच धरायची! भाच्याला फोन करणारेत!

एंगेलबर्ट : ओरडू नकोस, माद्या पळतील. दाखव बंदूक.

फ्लोरियान : ही घ्या. दंव बघा किती साचलंय, आणि तरी चालतोय. पण मुठीखाली अजून मोकळंच?

एंगेलबर्ट : एवढा आवाज करणाऱ्या कामावर माझं नाव नाही यायचं.

फ्लोरियान : मग निनावीच ठेवणार?

एंगेलबर्ट : तसं कोण म्हणालं? रोसी, घरी गेल्यावर तुझी कोरणी काढ. पण तुझं रोस्विता ओग्रिस म्हणजे लांबलचक नाव. जागा पुरेल की नाही कोण जाणे.

रोसी : पुरेल. मी मोजलीये.

एंगेलबर्ट : कधी? हा बोल्ट तर काल तयार झाला.

रोसी : ती जागा सगळ्या बोल्टांवर सारखीच असते, बाबा. कामाला लागले, त्याच आठवड्यात मोजली होती.