म्हसोबाचं कोंबडं

श्रीरामपूरच्या स्टँडवर, घोडेगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या दोघी.

“अगं केशर, पिशवीत काय हलतंय?”

“कोंबडं. म्हसोबाचं.”

“म्हसोबा तर तुमच्या बेलापूरच्या बांधावर. मग घोडेगावला कुठं निघालीस?”

“बांध कुठं ऱ्हायला, भागिरथे? आमी रान विकलं, तिथं कॉलनी झाली. त्यांनी म्हसोबाला गुळगुळीत फरशी बसवली, लायटिंग केलं, आन् शाकाहारी बी केला.”

“म्हंजी?”

“सोसायटीत कोंबडं कापायचं न्हाई. देवाला आता पेढा दाखवत्यात. लई सुधारला बघ म्हसोबा.”

“आन् तू गप बसलीस?”

“कुनाला बोलू? मी बी तिथंच ऱ्हाते, दुसऱ्या मजल्यावर. चोवीस तास नळाला पानी हाय, खोटं कशाला बोलू? आन् त्या नियमाला पहिला हात आमच्या सुनंनंच वर केला.”

“मग ह्ये कोंबडं?”

“घोडेगावला बहिनीच्या रानात हाय की म्हसोबा. त्यो अजून खातो.”

“तिनं न्हाई विकलं रान?”

“परवाच इसार घेतला तिनं. म्हनून तर आजच निघाले. त्यो सुधारायच्या आत.”