डाव्या बाजूची फरशी

प्रताप नगरातल्या हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“मोनाली, सासऱ्याले नाही आणलं वं आज?”

“नाही काकू, मी रिपोर्ट घ्याले आली. आमच्या घरी कमोड बसला, सांगितलं का तुम्हाले?”

“तुमच्या संडासची फरशी तं वाकडी आहे न?”

“डावीकडून बोटभर उंच. मी मिस्त्रीले म्हटलं, फोडा अन् सपाट करा. तो म्हणे, थांबा ताई, आधी बाबांले बोलवा.”

“काहून?”

“कमोड नुसता ठेवला. उजवीकडून खाली टाइलचे तुकडे सरकवले, लेव्हलपट्टीतला बुडबुडा बरोब्बर मधात आणला. मंग बाबांले बसवलं त्याच्यावर, पायजम्यासकट! अन् स्वतः उकिडवा बसून त्यांचे पाय पाहून राहिला.”

“त्यांचा डावा पाय आखूड झाला न, अपघातापासून?”

“बोटभरच, काकू. त्या उंच फरशीवर असा टेकला! मिस्त्री म्हणे, सरळ कमोड पाहिजे, फरशी नाही. हे फोडू नका. अन् पांढरं सिमेंट भरून मोकळा झाला.”

“बापा! काय नजर म्हणावं!”

“आधी बाथरूमात सपाट फरशीवर कमोडची खुर्ची ठेवत होतो; तिथं डावा पाय लटकत राहे, उठता येत नव्हतं. रोज हाक मारत. मले हात द्याले आत जावं लागे. त्यांची मान खाली, माझीबी खाली.”

“अन् आता?”

“आता आतून कडी लावून घेतेत.”