निळ्या डब्यातली बारूद

...आणि वर मलाच विचारतो, "बोल लेस्टर, कोणती देऊ?" म्हणजे मागची पंधरा फूट फळी रिकामी, फळीवर धूळ, धुळीत डब्यांचे गोल ठसे, तेसुद्धा आता पुसट झालेले, आणि हा क्लाइड, आमच्या गावातला बंदुकांचा दुकानदार, गल्ल्यावर पोट टेकवून मला विचारतोय कोणती देऊ. मी म्हटलं, "निळा डबा दे." म्हणाला, "निळा नाही." म्हटलं, "मग काय आहे?" म्हणाला, "काहीच नाही." म्हटलं, "अरे, मग विचारतोस कशाला?" तर म्हणतो, "तोंडाला सवय लागलीय रे, तीस वर्षांची." आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. बारूद मागायला गेलो होतो, त्याची मुलगी नव्हे. एक डबा. जास्त नाही, एक डबा मागत होतो मी.

तुम्हाला सांगतो, मी पिस्तुलाची काडतुसं घरी भरतो. तळघरात टेबल आहे, टेबलाला यंत्र ठोकलंय, उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बारूद, वर गोळी, झालं काडतूस. लोक स्वेटर विणतात, आम्ही हे करतो. आमच्या या पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यात दर दोन घरांआड एका तळघरात कुणीतरी हेच करत बसलेलं असतं, त्यात विशेष काही नाही. बावीस वर्षं मी निळ्या डब्यातली बारूद वापरतोय. बावीस वर्षं! कारण माझं पिस्तूल माझ्यासारखंच आहे, त्याला एकच गोष्ट आवडते आणि बाकी सगळ्यांचा राग येतो. निळी घाला, पाचही गोळ्या एका बशीएवढ्या जागेत. दुसरी घाला, की बघा मग त्याचे नखरे.

आणि नेमक्या याच वर्षी बाजारातून बारूद गायब. का? कुणाला माहीत का. टीव्हीवर कुणीतरी काहीतरी बोललं, लोकांना वाटलं आता बंदी येणार, आणि मग ज्यांच्याकडे यंत्र नाही, पुंगळ्या नाहीत, काहींच्याकडे तर पिस्तूलच नाही, असल्या लोकांनी बारूद घेऊन घरात भरून ठेवली. कशाला? लोणचं घालणार आहात? माझा दंतवैद्य, त्याच्याकडे चार डबे! दात उपटता उपटता मला सांगतो. माझ्या तोंडात त्याचे दोन्ही हात, मी काय बोलणार... नुसतं आ वासून ऐकून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, नसेल एक वर्ष बारूद तर नसेल. नाही, तसं नाही ना. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या क्लबची पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लबाशी पिस्तूल नेमबाजी असते. चौघांचा संघ. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना पुढच्या शुक्रवारी मासे तळून वाढायचे, अंगाला फडकं बांधून. बावीस वर्षं त्या चौघांत मी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही होतो, कुबडी बगलेत मारून उभा होतो. आणि जुलैमध्ये आमचा कप्तान अर्नी येतो आणि अगदी गोड आवाजात म्हणतो, "लेस, काडतुसं आहेत ना रे तुझ्याकडे? नसली तर आत्ताच सांग. म्हणजे कसं, वेंडल तयार आहेच."

वेंडल म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. माणूस हसतमुख आहे, आणि तेच माझ्या डोक्यात जातं. गेली सहा वर्षं तो आमच्या संघात राखीव आहे. राखीव म्हणजे काय, तर माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि मी शिंकलो तरी म्हणतो, "बरं वाटत नाहीये का, लेस?" त्या माणसाला माझी जागा मिळू नये, एवढ्यासाठी एक डबा. जास्त नाही, एक डबा मागत होतो मी.

मग सुरू झालं संशोधन. निळी नाही तर दुसरी कोणती? पुस्तक काढलं. पुस्तकात तीस प्रकारच्या बारुदी, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात आकडे, आणि बाजारात त्यातली एक नाही. म्हणजे उपाशी माणसानं लग्नाच्या जेवणाची यादी वाचावी तसं. क्लबात विचारलं. तिथे काय, अक्कल पाजळायला सगळे मोकळेच. एक म्हणतो, "लेस, तू ती बारीक दाण्यांची घे, मापातून पाण्यासारखी पडते." दुसरा म्हणतो, "त्याचं ऐकू नको, ती पडते खरी, पण यंत्राच्या फटीतून टेबलावरही पडते. तू चपट्या कणांची घे." तिसरा म्हणतो, "चपटी? ती यंत्रावरच्या बारूद भरायच्या नळकांड्यात अडकते, मग एक काडतूस भरलेलं आणि एक रिकामं. तू हळू जळणारी घे." चौथा, ज्याला कुणी विचारलेलंच नव्हतं, तो म्हणतो, "हळू जळणारी पिस्तुलाच्या छोट्या नळीत पूर्ण जळतच नाही, निम्मी आग बाहेर. पिस्तूल आहे का शेगडी?" मी म्हटलं, बाबांनो, यातली तुमच्याकडे कोणती आहे ते सांगा. तर चौघंही एकदम बिअरच्या ग्लासात बघायला लागले. सल्ला पोतंभर, बारूद चिमूटभर नाही.

मंगळवारी क्लाइडकडे माल येतो. सकाळी सातला गेलो तर दारापुढे अकरा माणसं, घडीच्या खुर्च्या टाकून, थर्मास घेऊन. माझ्यापुढे कोण? दंतवैद्य. मी म्हटलं, "तुमच्याकडे चार आहेत ना?" म्हणाला, "पाच झाले की बरं असतं." मी त्याच्याकडून आता दात काढून घेणार नाही, सगळे पडले तरी चालतील. नऊला दार उघडलं, माणशी एक डबा, आणि माझा नंबर आला तेव्हा क्लाइड म्हणतो, "लाल डबा उरलाय." "निळा?" "लाल." "निळ्यासारखा आहे का?" म्हणाला, "डबा आहे." घेतला. घ्यावाच लागतो, मागे सात माणसं श्वास रोखून उभी होती, मी 'नको' म्हणायची वाट बघत.

पुस्तकात बघून, अगदी कमीत कमी बारुदीच्या आकड्यापासून, नियमाप्रमाणे, पाच-पाच काडतुसं भरली आणि मैदानावर गेलो. काय सांगू तुम्हाला... पहिल्या गोळीला एवढा धूर की शेजारच्यानं खोकून दाखवलं. मुद्दाम. पिस्तूल काळंकुट्ट, हातावर न जळलेले कण, आणि लक्ष्यावर पाच भोकं पाच दिशांना, एकमेकांशी बोलणं टाकलेल्या भावंडांसारखी. मागून वेंडलचा आवाज. "आज बरं वाटत नाहीये का, लेस?"

मी संतापून घरी आलो. मार्लीन, म्हणजे बायको, कोबीची पानं उकडत होती. म्हणाली, "एवढा जीव जाळतोस, वेंडलकडे का नाही मागत? त्याच्या गॅरेजमध्ये निळे डबे आहेत की." मी म्हटलं, "किती?" म्हणाली, "मी काय मोजले? कपाट उघडलं तर निळंच निळं दिसलं." तुम्हाला सांगतो, सहा आठवडे मी त्या फळीवरच्या धुळीचं दर्शन घेतोय, आणि हा माणूस माझ्या घरी रविवारी जेवतो, माझ्या हातून बटाटे वाढून घेतो, आणि एक अक्षर बोलत नाही! "तू विचारलंस का त्याला कधी?" मार्लीन म्हणते. हा प्रश्न झाला का?

तीन दिवस मी गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. टोपी काढून उभा राहिलो त्याच्या गॅरेजमध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. मनात म्हटलं, हा आता सौदा करणार, म्हणणार डबा घे आणि जागा दे, आणि मी त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणून ताठ मानेनं घरी जाणार. मी ते 'नाही' वाटेत गाडीत दोनदा म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. तर त्यानं कपाट उघडलं, सीलबंद डबा काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घे रे. आधी नाही का सांगायचंस? तू नेम धरलास की बघायला मजा येते." पैसेसुद्धा घेतले नाहीत. बघा, माणूस किती नीच असू शकतो! मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. थँक्यू म्हणावं लागलं मला. वेंडलला. एक डबा, जास्त नाही, एक डबा, आणि त्यासाठी हे दिवस.

आता पुढचं सांगतो ते या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये.

क्लबात नवीन माणूस आला की त्याला काडतुसं भरायला कोण शिकवतं? मी. पहिला धडा काय? टेबलावर एका वेळी एकच बारूद. दुसरी असेल ती कपाटात, कपाटाला कडी. काम थांबलं की यंत्राच्या नळकांड्यातली लगेच तिच्या डब्यात परत. कारण बारुदी दिसतात सारख्याच, करड्या, पण एक झटकन जळते, एक सावकाश, आणि दोन्ही मिसळल्या की ते काय आहे हे देवालाही सांगता येत नाही. अशी मिसळलेली भरलीत तर पिस्तूल हातात फुटतं, बोटं जातात. हे मी बावीस वर्षं सांगतोय, टेबलावर मूठ आपटून सांगतोय, लोक माझी नक्कल करतात.

त्या दिवशी दुपारी नळकांड्यात लाल डब्यातली उरलेली होती. काय म्हणून ठेवली? राग आला होता म्हणून ठेवली. तिच्याकडे बघायची इच्छा नव्हती. वेंडलकडून आलो, निळा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, वास घेतला... हसू नका, बावीस वर्षांचा वास आहे तो. पुंगळ्या ओळीनं लावल्या. तेवढ्यात वरून मार्लीन, "जेवायला ये, गार होतंय!" आणि काम थांबलं की काय करायचं? नळकांड्यातली बारूद डब्यात परत. हाताला सवयच तशी आहे. हात गेला, नळकांडं काढलं, आणि समोर उघडा असलेल्या डब्यात ओतलं. लाल बारूद. निळ्या डब्यात. सगळी. वरून डबा दोनदा हलवलासुद्धा, नीट बसावी म्हणून.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर मला कळलं. मी तिथेच बसलो. मार्लीन हाका मारत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

निवडून काढता येते का? करड्यातून करडी? माझ्या मनात आलं नाही असं नाही. थोडीशीच तर लाल होती, असंही आलं. वर निळी, खाली निळी, मध्ये कुठेतरी... मग माझाच आवाज ऐकू आला, मूठ आपटून बोलणारा. उठलो, डबा घेतला, मागच्या दारानं अंगणात गेलो. बिघडलेल्या बारुदीचं आम्ही सगळे एकच करतो, गवतावर पसरून टाकतो, पावसापाण्यानं मुरते, झाडांना खत होतं. नीट चालत चालत पसरायची असते. मी एका जागी उभा राहून भिरकावली, रागानं, अर्धगोलात. तिकडे ताटात जेवण गार, आणि इकडे अंगणात एक पौंड निळी.

वेंडलकडे दुसरा डबा मागू? पहिल्याचं काय झालं, हे सांगून? आणि अर्नीला काय सांगू? बारूद मिसळली म्हणून सांगू? मी? म्हटलं, कोपर धरलंय रे, हात वर जात नाही. अर्नी म्हणाला, "अरेरे." इतक्या पटकन म्हणाला की काय सांगू. शनिवारी माझ्या जागी वेंडल उभा राहिला आणि मी राखीव खुर्चीत, कोपराला पट्टी बांधून. तो जिंकला. म्हणजे आपण जिंकलो, तीन गुणांनी. शेवटच्या पाच गोळ्या त्यानं बशीएवढ्या जागेत घातल्या आणि वळून आधी माझ्याकडे बघितलं, शाबासकी हवी होती त्याला. मी पट्टीतल्या हातानं टाळ्या वाजवल्या आणि मग आठवलं की हात दुखतोय.

दुसऱ्या रविवारी जेवायला आला. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात उभे होतो. दोन पाऊस होऊन गेले होते. सगळं गवत पिवळट आणि मधे एक अर्धगोल, गर्द हिरवा, घोट्याच्या वर वाढलेला, अगदी माणसानं उभं राहून काहीतरी भिरकावावं तेवढा. आमच्या खोऱ्यात ते काय आहे, हे बारूद हाताळणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. वेंडलनं गवताकडे बघितलं. मग माझ्या पट्टीकडे. मी म्हटलं आता हा हसणार, उद्या क्लबभर होणार, दंतवैद्यापर्यंत जाणार. मी तयार होतो, शिव्या ओठांवर होत्या.

"मशीन कुठे ठेवतोस, लेस?" एवढंच म्हणाला. गवत कापायचं मशीन काढलं आणि तेवढा अर्धगोल कापून टाकला, कुणाला दिसायला नको म्हणून. क्लबात कुणाला एक शब्द बोलला नाही, आजतागायत नाही.

पण ते गवत, तुम्हाला सांगतो, थांबतच नाही. दर रविवारी तो येतो, कापतो, घाम पुसतो, आणि मार्लीन माझ्या हातात सरबताचा ग्लास देते. नेऊन देतो मी त्याला. थँक्यूसुद्धा म्हणतो. आता तर न अडखळता जमतं.