भाऊजींची उजवी मांडी

नाही, पण माणसानं बायकोच्या कामाला हसावं तरी किती वर्षं, मी म्हणतो? एक वर्ष हसा, दोन वर्षं हसा, आमचे भाऊजी नऊ वर्षं हसले. तुम्हाला सांगतो, माझी ताई मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. मुलांना देह उघडून दाखवते, हा स्नायू, ही शीर, ही धमनी, आणि मुलं गेली की एकटीच मागे थांबून मांड्या मोजते. हो, मांड्या. वरून नव्हे हो, आतून... जांघेतून पायाकडे एक मोठी धमनी उतरते, तिला थोडं खाली एक जाड फांदी फुटते, ती खोल शिरते आणि अख्ख्या मांडीला रक्त पुरवते. मांडीची खोल धमनी. आता ती फुटते कुठं? पुस्तक म्हणतं, जांघेत आडवा चिवट पट्टा असतो, त्याच्याखाली साडेतीन सेंटीमीटर, मागच्या-बाहेरच्या अंगानं. ताई म्हणते, पुस्तकात असेल, माणसात असेलच असं नाही.

हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की भिंतींनाही पाठ झालं असेल. आणि भाऊजी? पाहुणे जेवायला बसले की यांचं सुरू, "आमची ही मांड्या मोजते बरं का." पाहुण्यांचा घास हातात, पाय हळूच खुर्चीखाली. आणि ताईला वाटायचं, चला, विषय निघाला. ती अगदी मनापासून सांगायची, "एकात तर एकाच सेंटीमीटरवर फुटली होती. एका बाईंची आतल्या अंगानं. आणि दोघांची अगदी वर, पट्ट्यापाशीच. आमटी वाढू?" यावर भाऊजी, "अगं, मांडी ती मांडी. एक बघितली की झालं."

कॉलेजात तरी कौतुक असावं? तिथले विभागप्रमुख चष्मा पुसत म्हणायचे, "मॅडम, हे सगळं शंभर वर्षांपूर्वी मोजून झालंय, काहीतरी आधुनिक घ्या." त्या दिवशी ताई घरी येऊन जेवून झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा मागे थांबायची. छप्पन्न देह झाले. एकशे बारा मांड्या, सगळ्या एका वहीत टिपलेल्या.

आणि मला राग कशाचा यायचा, तुम्हाला सांगतो. हे भाऊजी पाणीपुरवठा खात्यात सुपरवायझर. रोज संध्याकाळी घरी येऊन काय म्हणणार? "नकाशात पाइप फुटपाथखाली, खणला तर निघाला रस्त्याच्या मधोमध. नकाशा काढणाऱ्याच्या हातात एकदा फावडं द्यायला पाहिजे." हे म्हणायचं, हात धुवायचे, जेवायला बसायचं आणि ताईला हसायचं. म्हणजे जमिनीखालचा पाइप कुठंही वळला तर चालतं, माणसाच्या आतली धमनी मात्र यांच्या मते सरळ पट्टीनं आखलेली.

मग गेल्या वर्षी भाऊजी पंपघराचा जिना चढताना चौदाव्या पायरीवर बसले. छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं. ताईच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाचे डॉक्टर हुशार माणूस, पण सदा घाईत. म्हणाले, "मनगटातून नळी घालतो, रक्तवाहिन्या बघतो, तासाभरात मोकळे." घातली नळी, तर मनगटातल्या धमनीला पेटका आला. नळी पुढे जाईना. "ठीक आहे, जांघेतून जाऊ."

भाऊजी टेबलावर पूर्ण शुद्धीत, अंगावर हिरवी चादर. ताई तिथलीच म्हणून तिला आत येऊ दिलेलं, तिच्या अंगावर एक्स-रेपासून वाचवणारा, दोन मापं मोठा शिशाचा एप्रन. डॉक्टरांनी दोन बोटांनी ठोका चाचपला, सुई हातात घेतली, आणि ताई म्हणाली, "आधी सोनोग्राफी लावून बघा."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मॅडम, चार हजार केलेत मी. बोटांना कळतं."

"बोटांना ठोका कळतो. ठोका कुणाचा ते कळत नाही."

भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, त्यांना काम करू दे." ताईचं लक्षच नाही. ती बघत होती मांडीकडे. भाऊजींनी मला नंतर सांगितलं, "सव्वीस वर्षं झाली लग्नाला, पण इतक्या जिवाभावानं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि तेव्हाही तोंडाकडे बघत नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "वेळ जातोय, मॅडम."

ताईचा आवाज चढत नाही कधी. उलट खाली येतो. "चार हजार तुम्ही बाहेरून केलेत. मी एकशे बारा आतून बघितल्यात. पुस्तकात असेल, माणसात असेलच असं नाही. दोन मिनिटं."

सिस्टर मोठी शहाणी. तिनं यंत्र कधीच ढकलत आणलं होतं. डॉक्टरांनी सुस्कारा टाकून ते जांघेवर टेकवलं... आणि थांबले. थोडं वर सरकवलं, थोडं खाली. पडद्यावर जिथं धमनीचा एक गोल दिसायला हवा तिथं दोन, शेजारी शेजारी. खोल धमनी पट्ट्यापाशीच फुटलेली, आणि तीही आतल्या अंगानं. बोटांखाली जी उडत होती ती मोठी नव्हेच, ती ही फांदी. सुई तिच्यात गेली असती तर? डॉक्टरांनीच सांगितलं, आता अगदी सावकाश. आत खोलवर रक्त साचत जातं, वरून दाबावं तर खाली हाडाचा आधार नाही, मांडी फुगते, आणि बाहेर कापसावर थेंब दिसत नाही.

भाऊजी ऐकत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे नकाशा चुकला."

"चुकला नाही," ताई म्हणाली, "तुमच्यासाठी काढलेला नव्हता." आणि एवढं बोलून तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तो हात तिनं शेवटपर्यंत काढला नाही, हे भाऊजींनी सहा महिन्यांनी सांगितलं मला, तेही दुसरीकडे बघत.

मग डावी बाजू बघितली. डावी अगदी पुस्तकातली, साडेतीन सेंटीमीटरवर, आज्ञाधारक. तिथून नळी गेली, हृदयातली एक अडलेली वाहिनी मोकळी झाली, तिसऱ्या दिवशी भाऊजी घरी. आणि डॉक्टर म्हणजे मोठ्या मनाचा माणूस, त्यांनी व्हरांड्यात विभागप्रमुखांच्या देखत ताईला विचारलं, "मॅडम, ती एकशे बाराची वही मला वाचायला द्याल?" विभागप्रमुख चष्मा पुसायला लागले. आठवड्यात नळी घालायच्या खोलीच्या भिंतीवर कागद लागला, जांघेतून जायचं तर आधी यंत्र लावायचं.

पुढे परिषद झाली. दोनशे डॉक्टर, स्टेजवर ताई, मागे पडद्यावर सहा फुटी मांडी. ताईचं बोलणं संपलं आणि सभागृह उभं राहिलं, तुम्हाला सांगतो, टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत भाऊजी डोळे पुसत शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत होते, "ती माझी. उजवी."

आता ताईला जिवंत माणसं हवीयत. यंत्रानं बघायची, दोन्ही बाजू, रीतसर परवानगीचे कागद भरून. आणि माणसं कोण जमवतंय? भाऊजी. खात्यातले चाळीस जण झाले, वाणी झाला, घरमालक झाले. पाहुणे आले की हे ताट बाजूला सारून सुरू होतात, "पुस्तकात असेल हो, माणसात असेलच असं नाही," आणि हळूच कागद पुढे करतात.

मी म्हटलं, भाऊजी, मी धडधाकट आहे, मला काहीसुद्धा झालेलं नाही.

म्हणाले, "धडधाकटच हवेत."

सोमवारी साडेदहाला माझा नंबर आहे. सैल विजार घालून ये म्हणालेत.