मूस आला, पण नितीनला उठवलं नाही

अगं, सहल आपली म्हणायला. खरं तर दमलो होतो म्हणून गेलो होतो. नितीनच्या कंपनीच्या मशीनची डिलिव्हरी लांबत चालली होती, तो जेवतानाही फोनवरच असायचा. शेवटी मीच बुकिंग केलं आणि नवऱ्याला नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनहून उचलून थेट स्वीडनच्या उत्तर टोकाला नेलं. रानातला मूस, म्हणजे घोड्याहून उंच हरीण, आणि तिथल्या सामी लोकांचं जुनं जगणं, असं सगळं सावकाश पायी फिरून बघायचं.

आमची गाइड मार्गा स्वतः सामी, पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळणाऱ्या घरातली. नितीन तिला सारखा विचारायचा, "आता पुढे काय?"

ती म्हणायची, "पुढे काही नाही. बसा."

शेवटच्या संध्याकाळी तळ्याकाठी तिने रेनडिअरचं कातडं अंथरलं. नितीनला बसल्याबसल्या झोप लागली, अगदी तोंड उघडं टाकून. आणि तेवढ्यात समोरच्या झाडीतून मूस पाण्यात उतरला. केवढा थोराड! मी नितीनला हलवायला गेले, तर मार्गाने माझा हात धरला.

"अहो, याच्यासाठीच तर एवढ्या लांब आलोय आम्ही," मी कुजबुजले.

"मूस इथे रोज येतो," ती म्हणाली. "हा रोज असा झोपतो का?"

"नाही," म्हटलं, आणि त्याला जाग येऊ नये म्हणून तोंडावर मफलर दाबून रडले. मूस कधी निघून गेला, कळलंच नाही.