तीन काय?

तीन काय, तीन काय — प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीवरच्या त्या फडक्यावरचं नुसतं 'तीन' बघून हेच विचारतं! तीन गोल, तीन बायका — एका दीडशहाण्यानं तर विचारलं, चौथं चाक दुरुस्त करत नाही का? अगं पोरी, पुढचं फाटलंय. त्रेस आर्रोयोस, तीन ओढे, आमचं गाव. कॉन्सर्टला जाताना गावाचं नाव फडक्यावर शिवून न्यायचं आणि गर्दीत उंच धरायचं — हे तुला ठाऊक पाहिजे, अंगात दुर्मिएन्तेस बँडचा टी-शर्ट घातलायस ना? कुठल्या मॉलमधून घेतलास ते सांगू नकोस, माझं डोकं फिरेल. बँड फुटला तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. बस त्या टायरवर. तुझ्या चाकात खिळा केवढा घुसलाय बघ — लगेच नाही व्हायचं. हा माते घे, आमचा पाल्याचा चहा. कडू आहे. साखर नाही मिळायची इथं.

आणि चाललीस कुठे? — कोलोनिया सारा. वाटलंच मला. अग्निशमन दलाची जत्रा! दुर्मिएन्तेसचा गायक झुर्दो जिथं शेवटचं गायला ते पवित्र स्थान! लांबलांबून येतात, त्या पत्र्याच्या शेडसमोर फोटो काढतात, डोळे पुसतात. ज्यानं झुर्दोला उभ्या जन्मात पाहिलं नाही त्यानं डोळे कसले पुसायचे? मी? मी होतो ना तिथं. अगदी पुढे. आता का डोळे मोठे केलेस?

ऐक मग. मी आणि माझी बहीण निल्दा व्हिएद्माला निघालो होतो. तिला तिकडच्या शाळेत नोकरी लागली होती — वडिलांची पिकअप, मागे तिचा पलंग, शिलाई मशीन आणि हे फडकं. तिनंच शिवलेलं, आईच्या फुलाफुलांच्या पडद्याचं. अकरा कॉन्सर्ट आम्ही दोघांनी दोन टोकांनी धरलं. एकदा तर झुर्दोनं स्टेजवरून विचारलं, "पडदेवाले आले का रे?" पण बँड फुटून चार वर्षं झालेली, झुर्दोचा कुणाला ठावठिकाणा नाही, तरी बाईसाहेबांना फडकं बरोबर हवंच! ह्या इथल्या वळणावर रेडिएटरनं मान टाकली. एका ट्रॅक्टरमागे बांधून कोलोनिया सारात शिरलो, तर भर दुपारी सगळं गाव अग्निशमनच्या शेडमध्ये. नवा पाण्याचा टँकर घ्यायचा होता म्हणून जत्रा. भाजत्या सॉसेजचा, चोरिपानचा धूर, पोरांचा कालवा, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं — 'दुर्मिएन्तेसची गाणी, सादरकर्ते गावचे पाहुणे'. पाहुणे म्हणे! म्हणजे नकलाकार. मला नकलाकारांचा भयंकर तिटकारा आहे.

ड्रमवर दलाचा प्रमुख, गिटारवर गुरांचा डॉक्टर, आणि मध्ये खुर्चीवर एक जाडा, टक्कल पडलेला माणूस. अंगात विणलेला स्वेटर. डावा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला, कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. आता तूच सांग — झुर्दो म्हणजे काय? डावखुरा! गिटारची सगळी जादू त्या डाव्या हातात! आणि हा? अर्धे शब्द तोंडातच. ओळ विसरायचा, मग गावातल्या बायका पुढची ओळ सांगायच्या. बायका! आणि आमची निल्दा फडकं काढून म्हणते, "एल्बिओ, दुसरं टोक धर." म्हटलं, "नकलाकारांसाठी आपलं फडकं वर जायचं नाही." तर म्हणते, "अरे, जरा नीट ऐक तरी." म्हटलं, "ऐकतोय, म्हणूनच." तिनं एकटीनं वर धरलं. मी ओढलं — ती सोडेना, मी सोडेना — फाटलं टर्रकन! आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "नकली! उतर खाली!"

गाणं थांबलं. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग त्या दोन तुकड्यांकडे. आणि माइकमध्ये म्हणाला — सावकाश, एकेक शब्द शोधत — "पडदेवाले... बरोबर बोलतायत. खरा... आज आलाच नाही." लोक हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो! बघा, म्हटलं, स्वतःच कबूल केलं! पुढं चार महिन्यांनी तो गेला, तेव्हा पेपरात आलं — अर्धांग झालेलं, दलाच्या प्रमुखाचा मावसभाऊ, तिथंच राहायचा, कुणाला कळू नये म्हणून नाव लावलं नव्हतं.

निल्दा? ती व्हिएद्माला पोचलीच नाही. त्याच गावच्या शाळेत लागली. दरवर्षी जत्रेत स्टेजवर चढते आणि सांगते, माझा भाऊ गाढव आहे, अकरा कॉन्सर्ट बघूनही त्याला झुर्दो ओळखू आला नाही! लोक पोट धरून हसतात. मग येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडते — गाढवाला म्हणावं, तुकडा घेऊन ये, शिवून टाकू. चौदा किलोमीटरवर तर आहे. मी दुकान इथंच का टाकलं? खडीचा रस्ता आहे, टायर फुटतात म्हणून! दुसरं काय असणार?

आणि ओळखला नाही म्हणे! मला ओळखू आला नाही! अगं, ओळ सुरू करायच्या आधी तो श्वास घ्यायचा ना, नाकातून, जरा अडकल्यासारखा — तो एक श्वास ऐकला आणि मला —

तो पाना दे. तो नव्हे, मोठा.

बघवेना मला, झालं समाधान? त्या स्वेटरमध्ये, तो हात तसा, आणि बायका ओळी सांगतायत. आमचा झुर्दो! वाटलं, हा तो नसू दे. मोठ्यानं म्हटलं तर नसेल. म्हणून म्हटलं नकली. आणि त्यानं पडदेवाले म्हटलं, तरी मी हसलो.

ए, हात लावू नकोस त्या फडक्याला! तू नेतेस म्हणे! सव्वीस वर्षं ते त्याच खिळ्यावर आहे. आणि हे बघ, निल्दाला यातला एक शब्दही सांगायचा नाही. विचारलं तर म्हण, गाढवाला काम होतं. गाढवाला ती दरवर्षी बोलावते. जो ओळखूनही ओरडला, त्याला बोलावेल का?

झालं चाक. ऊठ, नीघ आता.