चाकामागचा दगड

हॅलो?… कोण, नौमान? बोल बाबा, गणपतरावच बोलतोय. दुसरं हाय कोण घरात?… व्हय, जेवलो. भात केलता मीच.

गॅरेजमधनं बोलतोयस न्हवं? खोललीस का गाडी?… मग?… बासष्ट सालची हाय, चाकं गंजणारच की… न्हाय, न्हाय. अलॉय नको. चकचकीत काय बी नको. बुवांना कीर्तनाला न्यायचंय, नवरदेवाला न्हाय.

मलकापूरच्या वर, तुझ्या काकीच्या माहेरी… गुरुवारी. चिमणाकाकीला जाऊन वर्ष होतंय… शेवटी तेवढंच मागितलं तिनं. बुवांचं कीर्तन ठेवा, नि आपल्याच गाडीतनं आणा त्यांना.

ब्रेकचं काय?… हळू सांग, हळू… पुढं डिस्क. हां… मग जुनी चाकं?… घासत्यात? म्हंजे ब्रेक नवा पायजे तर चाकं बी नवी… अरे ऐक की. त्या चाकांच्या टोप्या ती दर शनवारी राखेनं घासायची. त्यातच बघून कुंकू नीट करायची… व्हय, मी हसायचो.

आणि जुनाच ब्रेक ठेवला तर?… उतारावर धरायचा न्हाय?… हं. बुवा ऐंशीचं हाईत.

तुझा बाप बी हेच सांगायचा. ख्वाजाभाई दहा वर्षं सांगून थकला, ब्रेक बदला म्हणून. मी काय म्हणायचो, ठाऊक हाय?… "माझा ब्रेक शेजारी बसलाय की."

चढावर गाडी तापून थांबली की तीच उतरायची रे. चाकामागं दगड लावायची. गाडी सुटली की तो उचलून मागनं चालत यायची. गुडघं गेलतं तिचं. नि मी आत बसून वरडायचो, आटप, कीर्तनाचा पूर्वरंग सरला असंल…

देवानं भक्ताच्या घरी पाणी भरलं, हे बुवांनी सांगितलं की माझं डोळं भरायचं. पुढच्या रांगेत बसून रडायचो मी. आणि दगड लावाय एकदा खाली उतरलो न्हाय.

 

बसव. डिस्कच बसव. चाकं साधी घे, लोखंडी, काळी… टोप्या तेवढ्या त्याच… क्लिपा जोडाय लागतील? मग जोड की.

काय घावलं?… डिकीत?… कशात गुंडाळलाय?… हिरवं लुगडं हाय का, बारीक काठाचं?… तोच दगड. जोतिबाच्या वाटंवरचा हाय. गाडी घेऊन पहिल्यांदा गेलतो, तवा उचलला तिनं.

टाकू नकोस… व्हय, ठाऊक हाय. नव्या वायरीनं हँडब्रेक बी धरंल, दगडाची गरज न्हाय. तरी ऱ्हाऊ दे… गुरुवारी चढावर गाडी थांबवणार हाय मी. उतरून लावणार एकदा…

उगंच न्हाय, नौमान. किती वाकाय लागतंय, ते बघायचंय मला.

ठेव आता.